ते डायनासोरचं अंडं नाही, वाळूचा दगड आहे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता, वर्धा नदीच्या काठी एका तरुणाला सापडलेला गोल गोटा, मधोमध फुटून दोन वाट्या झालेला, आणि खाली ओळ होती की हे डायनासोरचं अंडं तर नसेल? प्रश्नचिन्ह टाकलंत ते बरं केलंत, पण आमच्या कॉलनीत संध्याकाळपर्यंत ते प्रश्नचिन्ह गळून पडलं आणि नुसतं अंडं उरलं, रात्री कुणीतरी ग्रुपवर अंड्याची किंमतपण टाकली. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कात्री चालवायची तर चालवा, फक्त पाण्यात भिजवायचा भाग तेवढा कापू नका.

मी कोळसा खाणीत ड्रिलिंग सेक्शनला 31 वर्षं काढली. आमचं काम म्हणजे बोअरहोलमधून दगडाचा जो लांब दांडा निघतो, कोअर म्हणतो आम्ही त्याला, तो लाकडी पेटीत क्रमाने लावायचा आणि रजिस्टरला उतरवायचा, इतक्या मीटरपासून इतक्या मीटरपर्यंत फाईन ग्रेन सँडस्टोन, म्हणजे बारीक दाण्याचा वाळूचा दगड, मग मीडियम, मग कोर्स, मग शेल, आणि नशीब असलं तर कोळसा. कोळसा लागला की साहेब लोक जीप काढून बघायला यायचे, सँडस्टोनच्या पेट्या मात्र शेडमागे उन्हात पडून राहायच्या. एवढी वर्षं त्याच्यासोबत घालवल्यावर माणूस त्याची बाजू घेणारच की.

आता फोटोतला गोटा. फुटलेल्या बाजूला कांदा कापल्यासारख्या तपकिरी-पिवळ्या चकत्या दिसतात, त्यालाच लोक कवच आणि बलक समजले. ती लोखंडाच्या गंजाची रांगोळी आहे. वाळूच्या दगडात पाणी झिरपतं, त्या पाण्यात विरघळलेलं लोह ठराविक अंतराअंतरावर बसत जातं आणि अशी वर्तुळं तयार होतात, आमच्या इकडच्या कामठी सँडस्टोनमध्ये ती ढिगाने सापडतात. अंड्याचं कवच असतं ना, ते चुन्याचं असतं, एक-दोन-तीन मिलिमीटर जाडीचं, बाहेरून एकच थर आणि आत जे काही भरलं असेल ते वेगळं. इथे काठापासून मध्यापर्यंत वाळू तीच, दाणा तोच, फक्त रंगाच्या चकत्या. फोटो जरा झूम करून बघितला तरी दाणे दिसतात हो.

लोकांचं अगदीच चुकलं असंही नाही म्हणा. वरोरा तालुक्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं खरोखर सापडलेली आहेत, दगड झालेली विष्ठासुद्धा सापडली आहे. सिरोंच्याकडे पोचमपल्लीजवळ तर बारापासॉरस नावाच्या भल्यामोठ्या प्राण्याची हाडं निघाली, तो सांगाडा कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. त्यामुळे आमच्या भागात गोल दिसलं की अंडं वाटणं साहजिक आहे. पण नदीकाठी सापडणारे शंभरातले बहुतेक गोल दगड हे नुसते गोटे असतात, आणि मला विचाराल तर साधा गोटाच जास्त बोलका असतो.

शाळेत आपल्याला शिकवलं काय, तर महाराष्ट्र म्हणजे काळा पाषाण, सह्याद्री, लाव्हा. खरंच आहे ते, राज्याचा 80 टक्क्यांच्या वर भाग बेसॉल्टने झाकलेला आहे. पण उरलेला आमच्या वाट्याला आलाय ना. नागपूरजवळ कामठी, सिल्लेवाडा, उमरेड, मग इकडे वणी, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर आणि खाली थेट सिरोंच्यापर्यंत वाळूचा दगड आहे, पुस्तकात त्याला वालुकाश्म म्हणतात, आम्ही सँडस्टोन म्हणतो, गावात वाळूचा दगड किंवा पिवळा दगड. भूगर्भशास्त्रात ज्याला जगभर कामठी फॉर्मेशन म्हणतात ते नाव आपल्या कामठीवरूनच पडलंय. पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटेल की गोटा म्हणजे काळाच, तर त्यांनी उन्हाळ्यात एकदा इकडे यावं (उन्हाचं मी काही करू शकत नाही). कोकणातही सिंधुदुर्गात जुना वालुकाश्म आहे पण तो फारच कडक, आणि किनाऱ्यावरचा करळ ही आणखी वेगळी गोष्ट, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने चिकटून झालेला, त्याच्याकडे पुढे येतो.

वाळूचा दगड म्हणजे काय हे मी नातीला रव्याच्या लाडवावरून सांगितलं. रवा म्हणजे वाळू, पाक म्हणजे त्या वाळूला धरून ठेवणारा मसाला. पाक पक्का जमला तर लाडू दाताला येत नाही, कच्चा राहिला तर हातातच भुगा. दगडात हा पाक तीन तऱ्हेचा असतो बहुतेक, एक सिलिका म्हणजे गारगोटीचाच, तो सगळ्यात पक्का, दुसरा चुन्याचा, तिसरा लोखंडाच्या गंजाचा, शिवाय थोडी मातीपण असते. आणि रवा बारीक की जाड तेही बघायचं. दाणा 2 मिलिमीटरपर्यंत असला तरच वाळू, त्याहून जाड खडे दिसायला लागले की तो बुंदीचा लाडू, म्हणजे काँग्लोमरेट, आणि दाणा डोळ्याला दिसतच नाही, बोटाला पिठासारखा लागतो, तो बेसनाचा, म्हणजे शेल किंवा गाळाचा दगड. ती म्हणाली, आबाजी, मग डिंकाचा लाडू कोणता? मला उत्तर नाही सुचलं.

ओळखायचं कसं हे आता नीट सांगतो, कारण आपल्याकडे लोक फोटो पाठवून विचारतात, आणि फोटोवरून दगड ओळखणं म्हणजे फोनवरून नाडी बघण्यासारखं. दगड हातात पाहिजे, शक्यतो ताज्या फुटलेल्या बाजूचा, कारण गोट्याची बाहेरची साल पाण्याने, शेवाळाने, गंजाने रंगलेली असते आणि ती हमखास फसवते. सराफाकडे असतं तसलं दहापट भिंग घ्या, ऑनलाईन दोनेकशे रुपयात मिळतं. दगड डोळ्याजवळ आणा, भिंग दगडाजवळ नाही, भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि दगड पुढेमागे करायचा, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका जुन्या सर्व्हेअरने टपली मारून शिकवलं. सँडस्टोन असेल तर साखरेच्या दाण्यासारखे वेगवेगळे दाणे दिसतील, काचेसारखे चमकणारे ते क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी, मधेच दुधी पांढरे, पिठूळ झालेले ते फेल्डस्पार, आणि ऊन पडलं की लुकलुकणाऱ्या टिकल्या दिसल्या तर तो अभ्रक. बेसॉल्टमध्ये असे सुटे दाणे दिसत नाहीत, तो काळा, गच्च, त्याच आकाराला हाताला जड लागतो, कधी कधी त्यात बुडबुड्यांची भोकं असतात नाहीतर भोकांत भरलेलं पांढरं काहीतरी.

मग अंगठ्याने घासा. कोळशाजवळचा आमचा जो बराकर सँडस्टोन आहे, पांढुरका-राखाडी, तो घासला की बोटाला पांढरी पावडर लागते आणि दोन-चार दाणे गळून पडतात, कारण फेल्डस्पारची माती झालेली असते. कामठीचा लाल-पिवळा जरा जास्त टिकाऊ, काही ठिकाणी तर गंजाने इतका घट्ट की हातोडी उडते. आणि गंमत बघा, दाणे एकेकटे बघितले तर पोलादापेक्षा कडक, क्वार्ट्झचा कठीणपणा मोहसच्या 1 ते 10 च्या मापात 7, चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास, काचेवर घासला तर ओरखडा पडणार. तरीपण गोटा भुसभुशीत. दाणा पहिलवान आणि पाक पातळ, असा मामला आहे सगळा. म्हणूनच धार लावायला हा दगड चालतो, जुना दाणा गळतो आणि खालचा नवा धारदार दाणा वर येतो.

माझी आवडती परीक्षा पाण्याची. सुकलेल्या गोट्यावर चमच्याने एक थेंब टाका. बेसॉल्टवर थेंब मोत्यासारखा बसून राहतो किंवा घरंगळतो, सँडस्टोन तो पिऊन टाकतो, तुमच्या डोळ्यादेखत डाग पसरतो. मग अख्खा गोटा पाण्यात बुडवा, बारीक बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. नात ओरडली, आबाजी अॅसिड आहे का यात! अॅसिड नाही, दाण्यांच्या मधल्या फटींत हवा असते, पाणी शिरतं तशी ती बाहेर पडते, बस.

आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजलं पण, सूनबाईंनी काटा द्यायला थोडी कुरकुर केली. मुठीएवढा गोटा, चार दिवस उन्हात वाळवलेला, भरला 410 ग्रॅम. रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी फडक्याने वरचं पाणी टिपून पुन्हा ठेवला, 434 ग्रॅम. म्हणजे 24 ग्रॅम पाणी प्यायला पठ्ठ्या. मग भिजलेलाच गोटा मापाच्या भांड्यात सोडला तर पाणी 178 मिलिलिटरने वर आलं. 24 भागिले 178, साधारण साडेतेरा टक्के. म्हणजे त्या दगडाच्या सातव्या हिश्श्याइतकी जागा रिकामी आहे आणि वरून बघणाऱ्याला वाटतं दगड म्हणजे दगड. तेवढ्याच आकाराचा काळा गोटा पण ठेवला होता सोबत, तो एक ग्रॅमने वाढला, तोही मला वाटतं फडकं नीट फिरवलं नाही म्हणून. भद्रावती-वरोऱ्याकडे ज्यांच्या बोअरला बारा महिने पाणी असतं त्यांनी या 24 ग्रॅमकडे बघावं, जमिनीखाली हाच दगड शेकडो मीटर जाडीचा आहे आणि असंच पाणी धरून बसलाय.

चुन्याचा पाक आहे का हे बघायचं तर टोकदार खिळ्याने दगडावर थोडी भुकटी काढा आणि तिच्यावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुना. कोकणातला करळ असाच फसफसतो. इंटरनेटवर टॉयलेट क्लीनर टाकायला सांगतात, त्याने जोरात फसफसतं हे खरं पण लहान मुलांसोबत हे धंदे नको. आणि दगड फोडायचाच असेल तर डोळ्यावर चष्मा, दगड ओला करून, आणि कटर-ग्राइंडर तर अजिबात नाही, क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, खाणीत पाणी सोडून ड्रिल करतात ते उगीच नाही. ओला गोटा शेकोटीतही टाकू नये, आतल्या पाण्याची वाफ होऊन फाटकन फुटतो.

फसगत कुठे होते तेही सांगतो, माझीच सांगतो. गेल्या हिवाळ्यात इरई नदीत मला एक सुंदर लाल गोटा मिळाला, गुळगुळीत, लांबट, थेंब टाकला तर गटकन प्याला, मी खूश, शोकेसमध्ये ठेवला, आल्यागेल्याला कामठी सँडस्टोन म्हणून दाखवला. दोन महिन्यांनी आमच्याकडे घराच्या कामाला आलेला मिस्त्री म्हणाला, काकाजी, हे विटेचा तुकडा काऊन ठेवला जी? भिंगाखाली धरला, खरंच वीट! आत भाजलेली माती, जळक्या तुसाची भोकं, दाणा एकसारखा नाही. नदी विटेलापण गोटा बनवते, काँक्रीटलाही बनवते, तिला भेदभाव नाही. 31 वर्षं कोअर लिहिणारा माणूस विटेवर घसरला हे मी घरी अजून धड कबूल केलेलं नाही, पेपरात करतोय.

दुसरी फसगत क्वार्टझाइटची, वैनगंगेच्या बाजूने येणाऱ्या गोट्यांत तो खूप. हाही मुळात वाळूचाच, पण जमिनीत खोल दाब आणि उष्णतेने दाणे एकमेकांत असे गुंतलेत की लाडवाची चिक्की झाली म्हणा. ओळखायची खूण एकच लक्षात ठेवा, सँडस्टोन फुटतो तेव्हा भेग दाण्यांना वळसा घालून जाते, म्हणून फुटलेली बाजू खरखरीत, क्वार्टझाइटमध्ये भेग दाण्यांच्या आरपार जाते, म्हणून बाजू काचेसारखी चकचकीत. थेंब टाका, पीत नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. वर्धा नदी उगम पावते वर सातपुड्यात, मुलताईच्या बाजूला, आणि बरीचशी वाट ती काळ्या पाषाणातून येते. तिच्या पात्रात तुम्हाला बेसॉल्टचे गोटे, अकीक, गारगोट्या मिळतात, हे सगळे लांबून लोळत आलेले प्रवासी आहेत, त्यांना लोळणं झेपतं. कच्च्या पाकाच्या वाळूच्या दगडाला ते झेपत नाही. दरडीतून सुटला, पाण्यात पडला, थोडं अंतर लोळला की कोपरे जातात, गोल होतो, अजून लोळला की अर्धा होतो, आणि मग त्याची वाळूच होते, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत. तेव्हा पात्रात मऊ सँडस्टोनचा गोटा हाताला लागला तर समजायचं की त्याचं घर जवळच आहे. काठाने वर चालत जा, गोटे मोठे होत जातील, कोपरेवाले होत जातील, आणि एखाद्या वळणावर तोच रंग, तोच दाणा असलेली दरड सापडेल. मी आणि नातीने असं दोनदा केलंय, एकदा दरड सापडली, एकदा नाल्यात बाभळीचे काटे सापडले.

दरड सापडली तर तिच्यातले तिरपे थर बघा. सपाट थरांच्या मधे तिरक्या रेघांचे गठ्ठे दिसतात, त्या जुन्या नदीच्या वाळूच्या लाटा, पाणी ज्या बाजूला वाहायचं त्या बाजूला त्या उतरतात. अभ्यासकांनी अशा रेघा मोजून काढलंय की गोंडवन काळात, म्हणजे हे कोळशाचे आणि वाळूच्या दगडाचे थर बसले तेव्हा, या खोऱ्यातल्या नद्या साधारण उत्तर-वायव्येकडे वाहायच्या, म्हणजे आजची वर्धा-प्राणहिता जाते त्याच्या जवळजवळ उलट. आणि त्याच्याही आधी इथे बर्फ होता. चंद्रपुरात मे महिन्यात बसून बर्फाबद्दल लिहिताना हसू येतं मला, पण 1875 साली फेडन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे नोंदवून ठेवलेत. कामठीचा दगड साधारण 25-26 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, त्याच्यात ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळतात, आणि दख्खनचा काळा पाषाण जेमतेम 6.6 कोटींचा. म्हणजे तुमच्या हातातला पिवळा गोटा शेजारच्या काळ्या गोट्यापेक्षा जवळपास चौपट म्हातारा. लोकांना अंडं हवंय कारण डायनासोर जुना वाटतो, हा दगड पहिल्या डायनासोरच्याही आधीचा आहे हो!

चंद्रपूरच्या जटपुरा गेटमधून रोज हजारो लोक जातात, तो आणि आमचा गोंडकालीन परकोट याच दगडाचा आहे. कधी सिग्नलला थांबलात तर चिऱ्यांवर गंजाच्या त्याच चकत्या बघा, तिरप्या रेघा बघा, आणि बुडाशी लोणा लागून दाणे गळून वाळूची बारीक रांग पडलेली असते तीही बघा. त्यावर सिमेंट थापतात तेव्हा माझ्या पोटात दुखतं, कारण दगडाला श्वास घ्यायला जागा राहत नाही, पाणी आतच अडकतं आणि पापुद्रे सुटतात, पण तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

गोटे जमवायचे तर दोन-चार जमवा, पोती भरू नका, आणि सिरोंच्याजवळच्या वडधमसारख्या जीवाश्मांच्या जागेवरून काहीच उचलू नका, तिथे दगडाची किंमत तो जिथे पडलाय तिथे असते. बाकी, नदीतून रात्री ट्रकच्या ट्रक वाळू जाते त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, आपल्या पेपरात ते अधूनमधून येतंच. हल्ली काही कोळसा खाणींत ओव्हरबर्डनचा, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेला सँडस्टोन धुऊन त्याची वाळू करतात हे मात्र मला पटतं, ज्या दगडाच्या पेट्या आम्ही शेडमागे टाकल्या त्याला शेवटी कोणीतरी विचारलं.

तर विनंती एवढीच की त्या फोटोबद्दल एक छोटा खुलासा छापावा, आणि ज्या तरुणाला तो गोटा सापडला त्याला माझा निरोप द्यावा. त्याने निराश होऊ नये. दोन्ही वाट्या चार दिवस उन्हात ठेवाव्यात, वजन करावं, रात्रभर पाण्यात ठेवाव्यात, सकाळी फडक्याने टिपून पुन्हा वजन करावं आणि दोन्ही आकडे आपल्या कार्यालयात कळवावेत. आमच्या गोट्याचे 24 आले, त्याचे किती येतात ते नातीला बघायचंय, तिने वहीत रकाना आखून ठेवलाय.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त खाण कर्मचारी, चंद्रपूर